एका अर्जावर एकच फाईल

भर वर्गात हात वर करायची सवय मला नवीन आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आठवी संपेपर्यंत मी हात वर केला तो फक्त 'पाणी प्यायला जाऊ का' विचारायला. नववीत संगणकाच्या बाई आल्या. एकदा त्या माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, माझा प्रोग्रॅम शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "हं. डोकं चालतंय तुझं." बस, एवढंच. पण त्या दिवशी माझा हात जो वर गेला, तो खाली घ्यायची आठवण अजून दुसऱ्यांना मला करून द्यावी लागते.

त्या बुधवारी तो असाच वर गेला.

झालं होतं असं, की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, संगणकाच्या खोलीत अचानक आल्या. आत पाचवीच्या दोन मुली तीन नंबरच्या मशीनपुढच्या एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसून एकमेकींना ढकलत होत्या. दोघींची चित्रं त्याच मशीनमध्ये होती. आमच्याकडे मशिनं वीस आणि मुलं चारशे. ज्या मशीनवर तुम्ही काम करता, तुमचं काम त्याच मशीनच्या पोटात राहतं. त्यामुळे तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं खुर्ची पकडण्यात जातात, आणि शेवटची दहा 'माझी फाईल कुणी उडवली' या चौकशीत.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याला अंधूक दिसायला लागतं.

"यापेक्षा ही खोली बंद केलेली बरी," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरची मोडकी बाकं ठेवायला जागा हवीच आहे मला."

संगणकाच्या बाई एका वर्षाच्या बोलीवर आल्या होत्या. खोली गेली की त्याही जाणार, हे वर्गातल्या सगळ्यांना कळत होतं, अगदी मागच्या बाकावर झोपणाऱ्यालासुद्धा. बाईंनी नुसता टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला. माझा हात वर गेला.

"बाई, मी करते! सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एकाच मशीनवर ठेवायचे. बाकीची मशिनं त्यालाच विचारणार, ही मुलगी कोण, हिचं कपाट कुठलं. मग कुणीही कुठेही बसलं तरी आपापलं काम समोर येईल. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात."

"किती दिवस लागतील?"

"दोन," मी म्हणाले.

का म्हणाले, ते विचारू नका. तीन म्हटलं असतं तर कमीपणा वाटला असता.

"मी तुला सतरा देते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पालकसभा आहे त्या शनिवारी. पालकांसमोर चालवून दाखव. नाही चाललं, तर सोमवारी बाकं खाली येतील."

त्या गेल्यावर संगणकाच्या बाईंनी मला जवळ बोलावलं. "एवढं मोठं काही कंपाइल केलंयस कधी?"

"नाही, बाई."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांच्या 'हं'चे बरेच प्रकार आहेत. हा पहिल्यापेक्षा वेगळा होता.

*

विसांपैकी एकही मशीन सर्व्हरसाठी मिळणार नव्हतं. पण आमच्या घरात ठोकळा होता.

ठोकळा म्हणजे बाबांचं, युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालणारं मशीन. बाबा पाणीपुरवठा कार्यालयात आहेत. तिथे बरीच वर्षं ठोकळ्याने सगळ्या गावाच्या पाण्याचा हिशेब ठेवला. नवीन मशिनं आल्यावर कार्यालयाने त्याला भंगारात काढलं, आणि बाबा त्याला रीतसर परवानगी काढून घरी घेऊन आले, आजारी माणसाला आणतात तसे, मागच्या सीटवर उशी लावून. तेव्हापासून तो हॉलमध्ये असतो. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. बाबांना युनिक्सच्या एकूण सात आज्ञा येतात, पण त्या सात ते अशा थाटात टाइप करतात, की बघणाऱ्याला वाटावं विमान उतरवतायत.

"घेऊन जा," बाबा म्हणाले. आईने पेपरातून डोकं वर काढून बघितलं, इतकं ते अनपेक्षित होतं. बाबा म्हणजे घरातली तुटक्या कानाची कपबशीसुद्धा 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून माळ्यावर ठेवणारे गृहस्थ. "फक्त एक. त्याला इंटरनेट लावायचं नाही. इतकी वर्षं तो त्या वाटेला गेला नाही म्हणून निरोगी आहे. आणि सर्व्हर घरी नीट बसल्याशिवाय त्याला हलवायचं नाही. उगाच धावपळ नको त्याची."

आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, जांभई देऊ नका. ठोकळा इतका जुना, की त्याच्यासाठी तयार सॉफ्टवेअर कुणी बनवतच नाही. मूळ लिखाण आणायचं आणि ते ठोकळ्याच्याच तोंडाने ठोकळ्याच्या भाषेत करून घ्यायचं. हे म्हणजे कंपाइल करणं. शिवणकामासारखंच, तयार फ्रॉक मिळत नाही म्हणून कापड आणून घरी शिवायचा. फक्त इथे मशीन अर्धा तास विचार करून सांगतं, की दोरा नाही. तुम्ही दोरा आणता. ते परत अर्धा तास विचार करतं आणि सांगतं, की सुई नाही. अहो, मग दोरा मागितलास तेव्हाच सुई मागायची ना! पण नाही. एका वेळी एकच. मशीनला घाई नसते.

मूळ लिखाण शाळेतून पेनड्राइव्हवर आणायचं ठरलं, कारण इंटरनेट तिथे. आणि तिथेच हेडक्लार्कही.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आणला होता. तेव्हापासून ऑफिसात एक रजिस्टर आहे. त्यावर सुंदर अक्षरात 'पेनड्राइव्ह ये-जा' असं लिहिलंय. शाळेतून कुठलीही फाईल बाहेर न्यायची तर अर्ज, अर्जावर वर्गशिक्षिकांची सही, मग संगणकाच्या बाईंची, मग हेडक्लार्कचा शिक्का.

डिरेक्टरी सर्व्हरच्या अर्जावर गुरुवारी शिक्का बसला. संध्याकाळी मी तपासणीची आज्ञा दिली. ठोकळा अर्धा तास घरघरला आणि म्हणाला, पासवर्ड गुप्त ठेवण्याची लायब्ररी, म्हणजे त्या कामाच्या तयार प्रोग्रॅमांचा गठ्ठा, सापडत नाही.

शुक्रवारी दुसरा अर्ज. ती लायब्ररी आणली. ती कंपाइल करायला गेले तर ती म्हणाली, मला आधी एक स्क्रिप्टची भाषा लागते, आणि इथली फार जुनी आहे.

शनिवारी तिसरा अर्ज. ती भाषा आणली. ती म्हणाली, माझ्याआधी अमुक एक बांधणीचं अवजार हवं.

मी सोमवारी हेडक्लार्कपुढे उभी राहिले. "सर, एकाच अर्जात सगळ्या फायली लिहिल्या तर चालेल?"

"कुठल्या सगळ्या?"

"ज्या ज्या लागतील त्या."

"त्यांची नावं?"

"ती अजून मला माहीत नाहीत, सर. एक आणली की ती पुढचीचं नाव सांगते."

हेडक्लार्कनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नाही. आवाजसुद्धा मऊ आहे. "बाळ, जी वस्तू तुला माहीत नाही, ती न्यायची परवानगी मी कशी देणार? एका अर्जावर एकच फाईल. नाव स्पष्ट अक्षरात."

आणि गंमत अशी, की मला त्यांचं म्हणणं पटलं. ठोकळा आणि हेडक्लार्क एकाच स्वभावाचे होते. दोघांनाही पुढचं काय लागेल ते विचारायचं नाही. आत्ता काय कमी आहे तेवढंच दोघं सांगणार, तेही मऊ आवाजात, आणि तुमच्या धावपळीचं दोघांनाही काही वाटणार नाही. फरक एवढाच, की ठोकळ्याला जेवणाची सुट्टी नव्हती.

बुधवारी वर्गशिक्षिका रजेवर होत्या. मी बदली शिक्षकांची सही घेतली. हेडक्लार्क म्हणाले, बदली शिक्षकांची सही चालेल, पण ते बदली आहेत याचा आदेश जोड. आदेश सूचनाफलकावर काचेच्या आत. काचेची किल्ली शिपाईमामांकडे. शिपाईमामा बँकेत. मी सूचनाफलकासमोर चाळीस मिनिटं उभी होते. येणारीजाणारी मुलं 'काय गं, शिक्षा झाली का' असं विचारून जात होती. मी ताठ मानेने सांगत होते, "सर्व्हरचं काम चाललंय."

तेव्हापासून माझं नाव सर्व्हरबाई पडलं.

*

घरी वेगळीच जत्रा. ठोकळ्याची घरघर सगळ्या जिन्यात ऐकू जायची, त्यामुळे आमचं काम खाजगी राहिलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावर टेलिफोन काका राहतात. आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते, आता निवृत्त. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे असं त्यांचं ठाम मत आहे. पंखा, फ्रिज, त्यांच्या सूनबाईंचा स्वभाव, सगळं अर्थिंग. ते रोज पाच वाजता यायचे, ठोकळ्याच्या पाठीवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "येतोय. बारीक करंट येतोय."

"काका, तो लायब्ररी मागतोय. करंटचा संबंध नाही."

"अगं, अंगात करंट असेल तर माणूससुद्धा भलतंसलतं मागतो."

समोरच्या काकूंचा उपाय साधा होता. बंद करून चालू कर. त्यांनी मला हे एकूण नऊ वेळा सांगितलं. दहाव्या वेळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते, तेव्हा त्यांनी स्वतःच केलं. त्या वेळी स्क्रिप्टची भाषा पंचाहत्तर टक्के झाली होती. मी बाहेर येऊन बघते, तर हॉलमध्ये शांतता आणि काकूंच्या चेहऱ्यावर समाधान.

"बघ, आवाज थांबला की नाही," काकू म्हणाल्या.

आईने मला मोठ्यांशी कसं वागावं ते शिकवलंय. मी फक्त आतल्या खोलीत जाऊन उशीवर तोंड दाबून पाच मिनिटं बोलले.

तरीही, खरं सांगते, सातव्या दिवसापर्यंत मी खुशीत होते. एकेक वस्तू येत होती, बसत होती. शेवटची राहिली ती डेटाबेसची लायब्ररी, जिच्यात सगळी नावं साठवायची. ठोकळ्यात होती ती चौथी आवृत्ती, पाण्याच्या हिशेबाच्या काळातली. सर्व्हरला हवी होती पाचवी. मी पाचवी आणली, चौथी उडवली, तपासणी दिली. आणि पहिल्यांदाच ठोकळा काहीही न मागता शेवटपर्यंत गेला! मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. खरं कंपाइल सुरू झालं. ओळींमागून ओळी. नऊ वाजता आई म्हणाली, गिरणी बंद. तिला सकाळी लवकर औषधाचं दुकान उघडायला जायचं असतं, त्यामुळे नऊच्या नियमाला अपील नाही. अर्धं झालेलं उद्या पुढे चालू करता येतं, म्हणून मीही आनंदाने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पुढे चालू केलं. वीस मिनिटांत एरर. 'डेटाबेसची आवृत्ती जुळत नाही.'

बघते तर चौथी आवृत्ती ठोकळ्यात बसलेली. जुन्या जागी, पाय पसरून.

मी म्हटलं, उडवायचं विसरले असेन. उडवली. सगळं पहिल्यापासून सुरू केलं. नऊ वाजता बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच. तेव्हा मी वहीत तारीख घालून लिहिलं, 'चौथी आवृत्ती उडवली. मी स्वतः, शुद्धीत.' तिसऱ्या दिवशी ती परत हजर.

आता मात्र माझा धीर सुटला. शनिवार होता. पालकसभेला बरोबर एक आठवडा. त्या दिवशी शाळेत मी संगणकाच्या बाईंना खोलीतलं कपाट आवरताना पाहिलं होतं. त्यांनी स्वतःची पुस्तकं एका बाजूला काढून ठेवली होती. मला बघून म्हणाल्या, "नुसती धूळ झटकतेय." पण धूळ झटकताना कुणी पुस्तकांना दोरी बांधत नाही.

टेलिफोन काकांनी हात ठेवला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. अर्थिंग."

"काका," मी म्हणाले, आणि रडायला लागले. सर्व्हरबाई, नववी अ, भर हॉलमध्ये, काका आणि काकूंसमोर. ते कुणाला सांगू नका.

आई तेवढ्यात दुकानातून आली. तिने पर्स ठेवली, माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाली, "काय लिहिलंय ते वाच. तुला काय वाटतं ते नको. काय लिहिलंय ते."

मी वाचलं. हेडर चौथ्या आवृत्तीचा, लायब्ररी पाचव्या आवृत्तीची.

"हेडर म्हणजे?"

"आत काय आहे त्याची माहिती देणारी फाईल."

"म्हणजे खोका एका औषधाचा आणि आत पट्टी दुसरीच," आई म्हणाली. "मग रडतेस काय? आमच्याकडे असं झालं तर आम्ही औषधाला दोष देत नाही. खोका कुणी जपून ठेवला ते शोधतो. जुना खोका आपोआप फळीवर चढत नाही. कुणीतरी ठेवतं."

आणि मग तिने, मी, काका-काकूंनी, सगळ्यांनी एकदमच आरामखुर्चीकडे पाहिलं.

बाबा वर्तमानपत्रामागे होते. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण पंधरा मिनिटांत त्याचं पान हललं नव्हतं.

"अहो," आई म्हणाली.

"काय?"

"तुम्ही सकाळी सहाला चहा घेऊन या मशीनपुढे बसता. काय करता?"

"आवराआवर," बाबा म्हणाले.

मग कळलं ते असं. बाबांकडे ठोकळ्याची एक जुनी नक्कल आहे, वेगळ्या डिस्कवर, कार्यालयातून आणला त्या दिवसाची. रोज सकाळी ते सातपैकी एक आज्ञा देतात. नकलेत आहे पण ठोकळ्यात नाही, असं जे जे असेल ते परत जागच्या जागी. अकरा वर्षं, एकही दिवस न चुकता.

"मला दिसायचं रोज, ती चौथी आवृत्ती गायब," बाबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, पोरगी दमतेय, घाईत चुकून उडवतेय. म्हटलं, आपण गुपचूप परत ठेवावी. बोलून दाखवलं तर तुला वाईट वाटेल."

मी तीन दिवस बाहेर टाकत होते, माझा बाप तीन दिवस प्रेमाने आत आणत होता, आणि तेही माझं मन राखायला.

"बाबा! मी वहीत लिहून ठेवलं होतं, शुद्धीत उडवली म्हणून!"

"मी तुझी वही वाचत नाही," बाबा दुखावल्या आवाजात म्हणाले. "ते बरं नाही."

काकूंना हसू आवरेना. काका म्हणाले, "तरी एकदा अर्थिंग बघून घ्या." आई चहा टाकायला गेली, तेव्हा तिचे खांदे हलत होते.

बाबा उठले. ठोकळ्यापुढे बसले. ती चौथी आवृत्ती स्वतः उडवली, आधी ठोकळ्यातून, मग नकलेतूनही. उडवण्याची आज्ञा त्यांच्या सातांत नव्हती. मला विचारून, एकेक अक्षर टाइप करून, ती त्यांची आठवी झाली. शेवटचं बटण दाबण्याआधी ते बराच वेळ थांबले.

"पाण्याचा हिशेब होता त्यात," ते म्हणाले, आणि दाबलं.

रविवारी सकाळी सातला कंपाइल सुरू झालं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ते संपलं. काकू ठोकळ्याच्या बटणापासून सात तास एका हाताच्या अंतरावर बसल्या होत्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला आईने मला शेजारी बसवलं होतं.

*

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. मंगळवारी बाबा आणि मी ठोकळ्याला उशीसकट शाळेच्या फाटकात घेऊन आलो.

हेडक्लार्क बाहेर आले. "वस्तूला जडसंग्रह क्रमांक? शाळेच्या सामानाच्या वहीतला?"

"तो आत गेल्यावर मिळेल ना, सर?"

"क्रमांक नसलेली वस्तू आत जात नाही. आणि क्रमांक देण्याआधी वस्तू चालू आहे की बंद, ते मला नोंदवावं लागतं. बंद वस्तू शाळा घेत नाही. वरची बाकं बघितलीस ना?"

"मग चालू करून दाखवते."

"दाखव."

"पण वीज आत आहे, सर."

हेडक्लार्कनी विचार केला. अर्धा तास नाही, पण बराच. मग पहारेकऱ्याच्या टपरीत गेले, त्याच्या टेबलफॅनचा प्लग स्वतःच्या हाताने काढला आणि म्हणाले, "इथे लाव."

ठोकळा फाटकात घरघरला. पहारेकरी घाम पुसत बघत होता. बाबांनी तारखेची आज्ञा दिली, पहिलीच, त्यांची सर्वांत आवडती. पडद्यावर तारीख आली. हेडक्लार्कनी ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि रजिस्टरात लिहिलं, 'चालू'. मग बाबांकडे वळून, एकदम वेगळ्याच आवाजात, "जुनं मशीन नीट ठेवलंय हो तुम्ही." बाबांचं तोंड इतकं उजळलं, की मला वाटलं आता हे दोघं गळ्यात गळे घालणार.

पुढचे तीन दिवस संगणकाच्या बाई आणि मी वीस मशिनांना एकच गोष्ट शिकवत होतो, काही विचारायचं असेल तर ठोकळ्याला विचारा. चारशे नावं घातली. सगळ्यांचं काम गोळा करून ठोकळ्यावर ठेवलं. दोरी बांधलेली पुस्तकं कपाटाखाली तशीच होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

शनिवारी खोली पालकांनी भरली. काका-काकूही आले होते. दोघांच्याही घरची मुलं शाळा सोडून वीस वर्षं झाली असतील, पण ते म्हणाले, आम्ही मशीनतर्फे. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि मी पाठ केलेलं भाषण सुरू करायच्या आत म्हणाल्या, "बोलणं नको. ती मुलगी येऊ दे."

ती म्हणजे पाचवीतली, खुर्चीवरून ढकलाढकली करणाऱ्या दोघींपैकी बारकी.

"कुठल्याही मशीनवर बस," मोठ्या बाई म्हणाल्या. ती सवयीने तीन नंबरकडे निघाली. "ते सोडून."

ती खिडकीजवळच्या सतरा नंबरवर बसली. एका बोटाने नाव टाइप केलं. एका बोटाने पासवर्ड, ओठ हलवत, त्यामुळे तो पहिल्या तीन रांगांना कळला. मग तिने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

कोपऱ्यात ठोकळा घरघरत होता. मी मोजत होते. पाच. आठ. काकूंचा हात नकळत पुढे आला आणि आईने तो धरला. अकरा. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, झालं, आता मी पुन्हा कधी हात वर करणार नाही, पाणी प्यायलासुद्धा. चौदा.

पडदा उजळला. एक घर, घराला धुराडं, धुराड्यातून जांभळा धूर, आणि दारात घराएवढीच मांजर.

"माझी मांजर!" पोरगी ओरडली. मग शेजारच्या अठरावर गेली, तिथे मांजर. मग पाचवर, तिथेही मांजर. मग कुणी न सांगता ती वीसच्या वीस मशिनांवर बसून आली. तेवढा वेळ सगळे पालक, हेडक्लार्क आणि मोठ्या बाई खोलीभर तिच्या मागे मागे फिरत होते.

मोठ्या बाईंनी चष्मा घातला. "बाकं जिन्याखाली ठेवा," त्या हेडक्लार्कना म्हणाल्या.

"त्यासाठी एक अर्ज..." हेडक्लार्क म्हणाले.

मोठ्या बाईंनी चष्मा परत काढायला हात नेला.

"ठेवतो," हेडक्लार्क म्हणाले.

"आणि यांचं पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं पत्र सोमवारी माझ्या टेबलावर द्या," त्या संगणकाच्या बाईंकडे बघून म्हणाल्या, आणि गेल्या. टाळ्या वगैरे झाल्या. बाबांनी ठोकळ्याच्या पाठीवर थोपटलं आणि हात पटकन मागे घेतला. "अहो," ते टेलिफोन काकांना म्हणाले, "खरंच बारीक करंट येतोय."

*

बाई राहिल्या. आणि राहिल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं? प्रात्यक्षिकाचे मार्क लावले. मला वीसपैकी अठरा.

अठरा! ज्यांनी आयुष्यात एक एरर पाहिला नाही, त्यांना एकोणीस. मी वही घेऊन तडक खोलीत गेले. बाई दोरी सोडून पुस्तकं परत कपाटात लावत होत्या.

"बाई, माझे दोन मार्क कशाचे गेले?"

त्यांनी वही उघडली. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक छापील मथळा असतो, 'आलेल्या अडचणी', आणि खाली दोन ओळींची जागा. डिरेक्टरी सर्व्हरच्या पानावर, त्या मथळ्याखाली, मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही.'

बाईंनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"बाई, ते... दिसायला बरं दिसतं म्हणून..."

"हं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरी मुलगी हे करायला बसेल. तिला हे पान वाचून काय वाटेल?"

मी विचार केला. तिला वाटेल, हे दोन दिवसांचं काम आहे.

मी खुर्ची ओढली, पेन उघडलं आणि त्या दोन ओळींकडे बघितलं. मग हात वर केला.

"काय?" बाई म्हणाल्या.

"पुरवणी, बाई."

बाईंनी तीन दिल्या.